स्लोचा स्क्रू

मुलुंडच्या सिग्नलला थांबता थांबता आमच्या गाडीने पुढे उसळी घेतली. समोर एक बाई लेकराला कडेवर घेऊन रस्ता ओलांडत होती.

"बाबा, ब्रेक!" मी किंचाळले.

गाडी थांबली, पण बॉनेट आणि बाई यांत वीतभरच अंतर उरलं होतं. बाईने बॉनेटवर थाप मारून शिवी हासडली. बरोबरच केलं तिने.

"गाडीची रेस वाढलीय," बाबा म्हणाले. ते खरंच होतं. ऍक्सिलरेटरवर पाय नसला तरी इंजिन गुरगुरत राहायचं आणि क्लच जरा सुटला की गाडी पुढे धावायची. गाडी कार्बोरेटरची, माझ्या लग्नाच्याही आधीची. बाबांनी सत्तरी ओलांडलेली. त्यांच्याकडून किल्ली काढून घ्या, असं घरात सगळ्यांचं पालुपद. एकटी मीच त्यांच्या बाजूने भांडत होते. त्या सिग्नलवर मला पहिल्यांदा वाटलं, मीच चुकत असेन तर? म्हणून तिथूनच गाडी भांडुपच्या गॅरेजमध्ये नेली. दोष गाडीचाच निघू दे, एवढंच मनात घोकत होते.

मेकॅनिकने ऍक्सिलरेटरची केबल ओढून पाहिली. ठीक. चोक अडकलाय का पाहिलं. ठीक. एकेक रबरी पाइप चिमटीत धरून कुठून हवा ओढली जातेय का, तेही तपासलं. त्याच्या प्रत्येक "ठीक आहे"ला मी "परत एकदा बघा" म्हणत होते. अशी कशी सगळी ठीक असेल मेली?

मग त्याने टॉर्च मारला. "काका, ह्या स्लोच्या स्क्रूला हात कोणी लावला? चांगला दोन फेरे आत पिळलाय. उभ्या गाडीची रेस ह्याच्यावरच असते ना."

माझा जीव भांड्यात पडला. कुणीतरी आगाऊपणा केला होता, बस्स! त्या कुणाचा तरी उद्धार करायला मी तोंड उघडलं, तर बाबा खाली मान घालून सीटवर बसलेले.

"मीच फिरवलंय," ते म्हणाले. "डाव्या पायाक काय समाजनाच नाय. क्लच एकदम सुटता, गाडी बंद पडता. रेस वाढवली की पडना नाय."

मेकॅनिकने स्क्रू सैल केला. इंजिन एकदम शांत झालं. गाडीत काही म्हणजे काही बिघडलेलं नव्हतं. मला इतकी भीती त्या सिग्नलवरही वाटली नव्हती.

मी तिथेच, ऑइलच्या डागांवर बसले. त्यांची डावी चप्पल काढली, पाय मांडीवर घेतला आणि म्हटलं, "तिकडे बघा. मी अंगठा दाबते. कळलं की सांगा."

बाबा रस्त्याकडे बघत राहिले. थोड्या वेळाने म्हणाले, "दाब गो. घाबरतंस कित्याक?"

माझं नख तेव्हा त्यांच्या अंगठ्यात रुतलेलं होतं.