खुर्चीत बसेल त्याचं बरोबर

केस का गळतात, याबद्दल इंदिरानगरात जेवढी डोकी तेवढी मतं होती, आणि त्यातली बरीचशी डोकी आमच्या सलूनमध्ये यायची. कुणी बोअरच्या पाण्याला दोष द्यायचं, कुणी शाम्पूला. आमचे एक रिक्षावाले काका होते, ते केबलच्या छत्र्यांवर ठाम होते. "गच्ची गच्चीवर उलट्या छत्र्या मांडल्यात. त्या आकाशातनं काय काय ओढून घेत असतील, अन् ते जाणार कुठं? आपल्याच टाळूत ना?" वाळवंटात अणुबॉम्बच्या चाचण्या झाल्या त्या उन्हाळ्यात काकांनी छत्र्यांना माफ केलं आणि सगळं खापर तिकडं फोडलं. दोन्ही वेळेला मी कात्री न थांबवता म्हणालो, "बरोबर आहे काका."

हे "बरोबर आहे" मला मामांनी शिकवलं. मामा म्हणजे दुकानाचे मालक, देवळ्याकडचे. नात्यानं माझे कुणी नव्हेत. मी आलो किनवटच्या बाजूनं, पार त्या टोकाहून, आणि नाशकात ओळखीचं कुत्रंसुद्धा नव्हतं. काम मागायला गेलो तर त्यांनी जास्त काही विचारलं नाही. खुर्चीत बसले, मान मागं टाकली आणि म्हणाले, "कर माझी दाढी." दाढी झाल्यावर गालावरून उलटा हात फिरवला आणि म्हणाले, "सकाळी लवकर येत जा." पुढं मी बायकोला आणलं, तेव्हा खोली बघून दिली तीही त्यांनीच. त्या माणसाचं नाव निघालं की आजही माझे हात आपोआप जुळतात.

तर त्यांचा नियम असा की, खुर्चीत बसेल त्याचं बरोबर. डोकं त्याचं, मत त्याचं. आपला संबंध केसापुरता. मला हा नियम फार सोयीचा होता. मी सहावीतून शाळा सोडलेली. वडिलांची नजर अधू झाली आणि त्यांची धोपटी, म्हणजे वस्तरा-कात्रीची पिशवी, मी खांद्याला लावली. शिकलेल्या माणसांपुढं आपण काय बोलणार?

पंचाईत अशी होती की मी वरवर हो म्हणायचो असं नाही, मला प्रत्येकाचं खरोखरच पटायचं. आणि पटलं की काळजी लागायची. दोन हजार साल उजाडताना कॉम्प्युटर गोंधळतील आणि विमानं खाली येतील असं एकानं सांगितलं, तर मी आठवडाभर ओझरच्या विमानतळाच्या दिशेला कान लावून होतो. मोबाइलच्या लहरी मेंदूत जातात असं दुसऱ्यानं सांगितलं. मग खिशात मोबाइल असलेलं गिऱ्हाईक आलं की मी जरा लांबूनच, हात ताणून कटिंग करायचो. मामा म्हणायचे, "अरे, मानूस हाय का वेशीवरचा दगड? जो येतो तो शेंदूर फासून जातो तुला."

एवढ्यात माझी मुलगी पहिलीत जायच्या वयाची झाली.

आमच्या मागच्या गल्लीत मराठी शाळा होती. जुनी, पटांगणात दोन कडुलिंब. आणि मोठ्या रस्त्यावर नवी इंग्रजी शाळा निघाली होती, टाय-बुटाची. तिथं मुलांबरोबर आई-वडिलांचीही मुलाखत घेतात असं कळलं. ते ऐकल्यापासून मला दुपारचा डबा गोड लागेना. मुलगी हुशार, ती पास होईल आणि बाप नापास, असं चित्र डोळ्यापुढं यायचं. आणि नाहीच घातली तिथं, तर उद्या तीच विचारेल, बाबा, सगळ्यांच्या पोरी गेल्या, मला का नाही घातलं? एकदा पाऊल पडलं की पडलं. केसासारखं नाही, की चुकलं तर महिन्यात पुन्हा वाढेल.

मग मी मला येत होतं ते केलं. खुर्चीत बसेल त्याला विचारत सुटलो.

एक इंजिनिअर साहेब होते, अंबडला कंपनीत. दर रविवारी दाढीला यायचे. मन मोठं, आवाज त्याहून मोठा. ते म्हणाले, "हे बघ, कॉम्प्युटरला मराठी कळत नाही. उद्या सगळं जग त्याच्यावर चालणार. मराठी शाळेत घालणं म्हणजे पोरीला पोहायला शिकवायचं आणि विहीर बुजवून टाकायची!" मी म्हणालो, "बरोबर आहे साहेब." ते एवढ्यावर थांबले नाहीत. शाळेतल्या मोठ्या बाई त्यांच्या ओळखीच्या होत्या. "मुलाखतीची काळजी सोड. मी सांगून ठेवतो. उद्याचा सोडून पुढच्या सोमवारी आणतोस ना?" सोमवारी सलून बंद असतं. मी म्हणालो, "आणतो."

बुधवारी गुरुजी आले. निवृत्त मुख्याध्यापक, डोक्यावर केस मोजकेच, पण दर बुधवारी दाढी-कटिंग अगदी नियमानं. ते म्हणाले, "मूल ज्या भाषेत रडतं ना, त्या भाषेत त्याला शिकवावं. परक्या भाषेत पाठांतर होतं, शिक्षण होत नाही." हेही इतकं खरं वाटलं की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. "बरोबर आहे गुरुजी," मी म्हणालो. "मग सोमवारी मागच्या शाळेत ये," ते म्हणाले, "तिथले हेडमास्तर माझे विद्यार्थी. मी बोलतो." मी म्हणालो, "येतो."

रिक्षावाले काकांचं मत सगळ्यांत सोपं होतं. "शाळा कोणतीबी घाल, रिक्षा आपलीच सांग."

घरी बायको पोळ्या लाटताना म्हणाली, "काहून विचारत फिरता जगाला? तुमच्या मनात काय आहे ते सांगा ना."

"तुझं बरोबर आहे," मी म्हणालो.

तिनं लाटणं खाली ठेवलं. "मी काय गिऱ्हाईक आहे का?"

त्या दिवशी मी दुकानातला जुना पेपर घरी आणला होता. मुलगी तो पसरून अक्षरं ओळखत बसली होती. अडली की माझा अंगठा धरून त्या अक्षरावर ठेवायची आणि म्हणायची, "हे?" मी सांगायचो, की पुढं सरकायची. पेपरच्या कोपऱ्यात एक इंग्रजी जाहिरात होती. तिनं माझा अंगठा तिकडं ओढला. "हे?" मला पहिलं अक्षर आलं, दुसरं आलं, पण शब्द काही जुळेना. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून. म्हणजे मला मिळालं ते वर्षभराचं आणि वर थोडंसं. तिनं थोडा वेळ वाट पाहिली आणि अंगठा सोडून दिला. रागानं नाही, सहज. पण तो सोडलेला अंगठा मला रविवारपर्यंत जाणवत राहिला.

रविवारी दुकान भरलेलं. साहेब माझ्या खुर्चीत, गालभर फेस. काका बाकावर आपल्या नंबराची वाट बघत. आणि दारातून गुरुजी आत आले! खरं तर त्यांचा वार बुधवार. पण बुधवारी कुणाचं तरी लग्न होतं म्हणून ते आधीच आले आणि मामांच्या खुर्चीत बसले.

बसता बसताच म्हणाले, "काय रे, उद्या अकराला ना? हेडमास्तर वाट बघताहेत."

फेसातून साहेब म्हणाले, "अकरा कसले? इंटरव्ह्यू साडेदहाला आहे. बाईंना सांगून झालंय माझं."

"कसला इंटरव्ह्यू?" गुरुजी.

"कसले हेडमास्तर?" साहेब.

सलूनमध्ये माणसं एकमेकांकडं वळून बघत नाहीत, आरशात बघतात. दोघांनी आरशात आधी एकमेकांना पाहिलं, मग मला. आरशातून पळून जायला जागा नसते.

बाकावरून काका म्हणाले, "पोरगी एक, शाळा दोन. चांगलंय. साडेदहाची एक खेप, अकराची एक."

मामा रागावले की गावच्या अहिराणीत जायचे. हातातला कंगवा माझ्याकडं रोखून म्हणाले, "त्यासले काय इचारस? तुनी पोर शे ना? मंग तूच सांग."

साहेबांनी बोलायला तोंड उघडलं. मला कळलं की ते बोलले की मला पटणार. मग गुरुजी बोलतील, तेही पटणार. तेव्हा मी काय केलं, तर साहेबांचं नाक दोन बोटांनी वर उचललं आणि ओठावर वस्तरा ठेवला. त्या जागी वस्तरा असताना जगात कुणी बोलत नाही.

आणि मी बोललो. आवाज कापत होता, हात मात्र नाही; हाताला सवय असते. म्हणालो, "साहेब, मला सहावीपर्यंतचं येतं. म्हणजे सहावीपर्यंत मी तिच्या शेजारी बसू शकतो. इंग्रजी शाळेत गेली तर मी पहिल्या दिवशीच दाराबाहेर. पुढं ती तिची जाईल, कुठंही जाऊ दे, कॉम्प्युटरवर जाऊ दे. पण तेवढी वर्षं मला तिच्याजवळ बसायचंय. मराठी शाळेतच घालतो."

"शाब्बास!" गुरुजी खुर्चीतून उठायलाच निघाले. "मातृभाषा ही—"

"गुरुजी, माफ करा," मी म्हणालो, "भाषेचं मला एवढं कळत नाही. मी आपलं माझ्यापुरतं बोललो."

गुरुजी परत खाली बसले. साहेबांचे डोळे आरशात एवढे मोठे झालेले, आणि मी ओठावरची ती बोटभर जागा पुन्हा पुन्हा साफ करतोय. शेवटी मामांनी माझा हात धरला.

"झालं का?" साहेब नाकातून म्हणाले. "सोड आता नाक."

काका आधी हसले, मग सगळं दुकान. साहेबांनी टॉवेलनं तोंड पुसलं. "मला अजिबात पटलेलं नाही," ते म्हणाले. "बाप शेजारी बसून पोरं शिकत नसतात. पस्तावशील. पण बाईंना मी कळवतो, ते माझ्यावर सोड. आता हे कल्ले बघ, एक वर एक खाली केलायस."

घरी जाताना मी मनात हिशेब मांडत होतो. एवढ्या भल्या माणसाचा उपकार नाकारला, आता ते दुसरं सलून बघतील, मामांचं गिऱ्हाईक माझ्यामुळं तुटलं. बायकोला सगळं सांगितलं. तिनं फक्त एवढं विचारलं, "तुम्ही बोललात? त्यांच्यासमोर?" आणि मुलीच्या वेण्या घालायला बसली, दुसऱ्या दिवशीसाठी तेल चोळून.

सोमवारी आम्ही तिघं मागच्या गल्लीतल्या शाळेत गेलो. मुलाखत नव्हती. बाईंनी मुलीला नाव विचारलं, तिनं माझंही सांगून टाकलं, आणि झालं. पुस्तकं मिळाली तेव्हा त्यात इंग्रजीचंही एक निघालं. आता मराठी शाळेतही इंग्रजी पहिलीपासून आलं होतं, आणि एवढ्या मतांच्या गर्दीत हे मला कुणीही सांगितलं नव्हतं! म्हणजे इंग्रजी आम्ही दोघांनी बरोबरच सुरू केलं. चित्र बघून शब्द ओळखायचा. ती पुढं गेली की माझ्यासाठी थांबायची.

साहेब पुढच्या रविवारी आले. खुर्चीत बसता बसताच म्हणाले, "मी आठवडाभर विचार केला. तू चुकलाच आहेस," आणि तिथून जे सुरू झालं ते काही वर्षं चाललं. दाढी संपायची, वाद संपायचा नाही. मी ऐकायचो, जिथं पटेल तिथं बरोबर म्हणायचो, आणि नाही पटलं तर त्यांचं नाक वर उचलायचो.

मुलगी सातवीत गेली त्या जूनमध्ये मी तिचं नवं पुस्तक हातात घेतलं आणि घाबरलो. हा वर्ग मी पाहिलेला नव्हता. तिनं सतरंजीवर नेहमीसारखी शेजारी जागा केली. "बसा. आता मी सांगते, तुम्ही विचारा." आठवीत तिचं गणित आणि विज्ञान इंग्रजीतून आलं. पहिले काही महिने तिला फार जड गेले. एक दिवस वही मिटून ती म्हणाली, "बाबा, खरं सांगू? मला इंग्लिश मिडियमलाच घालायला हवं होतं. चुकलं तुमचं."

"बरोब—" इथपर्यंत आलो होतो. मग म्हणालो, "नाही. मला नाही पटत."

"का नाही पटत?"

मी कारण सांगितलं. तिनं ते खोडलं. मी दुसरं सांगितलं. ती गुडघ्यावर उठून बसली, हातवारे करायला लागली. मीही सरसावलो. स्वयंपाकघरातून बायको दोनदा ओरडली, पानं वाढलीत, भात निवतोय. आम्ही दोघंही हात वर करून तिला थांब म्हणालो. मुलीचा मुद्दा अजून संपलेला नव्हता.