हुद्दार सरांचा आकडा

रविवारची दुपार. लॅबमध्ये चिटपाखरू नाही. हेमराज भोयर डबा खाऊन लॅपटॉपसमोर बसलाय आणि त्याचे डोळे मिटतायत. समोर जर्नलच्या संपादकांना लिहिलेला मेल तयार आहे. ज्या पेपरने त्याच्या गाइडचं, हुद्दार सरांचं नाव झालं, त्यातल्या यकृताच्या पेशी यकृताच्या नव्हत्याच. भलत्याच पेशी फ्लास्कमध्ये शिरून माजल्या होत्या. टेस्टचा रिपोर्ट जोडलाय. पेपर मागे घ्या, एवढंच म्हणायचंय. बटण दाबायचं राहिलंय, कारण त्या पेपरवर दुसरं नाव हेमराजचं आहे. त्याच्याकडे दुसरा पेपर नाही. आणि परवा भंडाऱ्याला प्राध्यापकाच्या जागेची मुलाखत आहे.

मान खाली जाते. पेशी ठेवायचं ते उबदार कपाट गुणगुणतंय. मग गुणगुण थांबते आणि कपाट विचारतं, "किती झाले?"

दार उघडून हुद्दार सर बाहेर येतात. जाऊन आठ महिने झाले माणसाला, पण पहिला प्रश्न तोच. जिवंत होते तेव्हा चहाच्या आधी हा प्रश्न यायचा. जगात कुणी आपल्या पेपरमध्ये सरांच्या पेपरचा दाखला दिला की आकडा एकाने वाढायचा, आणि त्या दिवशी सर माणसात असायचे.

"चारशे बारा, सर."

"म्हणजे मेल्यावरही वाढतोय." सर मिशी कुरवाळतात. "नाहीतर तुम्ही. जिवंत असून कुणी विचारत नाही."

लॅबभर आता खुर्च्या मांडल्यात. हा शोकसभेचा हॉल आहे, सरांच्या फोटोला हार घातलाय आणि सर स्वतःच पहिल्या रांगेत पाय पसरून बसलेत. लोक एकामागून एक माइकवर येतात आणि आपापल्या पेपरमधलं एक वाक्य वाचतात.

"हुद्दार यांनी म्हटलंय त्याच्या अगदी उलट..."

"हुद्दार यांचा प्रयोग आम्ही पुन्हा पुन्हा केला, जमला नाही..."

प्रत्येकाला सर टाळ्या वाजवतात.

"सर, ते तुम्हाला खोटं पाडतायत."

"नाव घेतलं ना? मग झालं. मोजणारं मशीन वाक्य वाचत नाही रे भोयर."

या माणसापुढे आपण सहा वर्षं हात बांधून उभे राहिलो. हेमराज आपली खुर्ची सरांपासून दूर सरकवतो.

माइक खरखरतो आणि भंडाऱ्याची गाडी लागल्याचं सांगतो. एसटी स्टँड. हेमराजच्या मांडीवर मुलाखतीची फाइल. शेजारी सर शेंगा सोलतायत, टरफलं त्याच्या बुटांवर टाकतायत.

"मेल पाठवू नकोस."

"त्या पेशी यकृताच्या नव्हत्या, सर."

"माहितीये. दुसऱ्याच वर्षी कळलं मला."

"आणि गप्प बसलात?"

"गप्प कुठे? त्याच्यावर आणखी पाच पेपर काढले." सर दाणा तोंडात टाकतात. "माझं काय जातंय, मी तर मेलोय. परवा तू काय दाखवणार त्यांना? जेवणाचा डबा?"

हेमराज बुटांवरची टरफलं झटकतो. आज सकाळी त्यानेही आधी आकडाच बघितला होता.

"मग एवढ्या लांबून आलात कशाला, सर?"

सरांचं चघळणं थांबतं. गाडी समोर येऊन उभी राहते. पाटीवर गावाचं नाव नाही, चारशे बारा लिहिलंय. बघता बघता चारशे अकरा होतं. मग चारशे दहा. सर धडपडत उठतात, हेमराजचं मनगट पकडतात. हात गार आहे, ओला आहे.

"भोयर, शून्य होईल रे. आख्ख्या जन्मात मी एवढंच केलंय."

"हो सर," हेमराज म्हणतो. "एवढंच केलंय. हात काढा."

गालावर कीबोर्डच्या खुणा घेऊन तो जागा होतो. कपाट गुणगुणतंय. तोंड पुसायला तो हात वर करतो आणि तसाच थांबतो.

पांढऱ्या शर्टाच्या बाहीवर चार बोटं उमटलीत. गुलाबी. पेशी ज्या पाण्यावर वाढवतात, तोच रंग. शुक्रवारपासून त्याने त्या पाण्याची एकही बाटली उघडलेली नाही.

तो बाही पुसत नाही. त्याच हाताने बटण दाबतो. मेल जातो, आणि मनगटाला ते गार पाणी अजून लागतंय.