तिसऱ्या घंटीच्या आत

जपानमधल्या आमच्या साकाई शहरात सायकली बनतात, त्यामुळे सायकलवाल्याकडे कुणी वळूनही बघत नाही. तोमिए इवाकी मात्र सायकलवर बसली की चोरासारखी दिसायची. ती माझी शेजारीण. एका लोणच्याच्या कंपनीत आम्ही दोघी एकाच खोलीत बसायचो.

कंपनी ट्रेनच्या पासासाठी महिन्याला चौदा हजार येन द्यायची. तोमिएने तीन वर्षांत पास काढलाच नाही. मोटारीचं तर नावच नको, ती उभी करायच्या जागेचं भाडंच कंबरडं मोडतं. सायकलला काय लागतं, ब्रेकचं रबर आणि एखादं पंक्चर. वाचलेले पैसे तिच्या आईच्या वृद्धाश्रमात जायचे. पण ही कंपनीची फसवणूक होती, कळलं तर नोकरी जाणार होती, आणि त्या भीतीने तिला अन्न गोड लागत नसे. सायकल ती स्टेशनमागे लावायची आणि ट्रेनमधून उतरलेल्या घोळक्यात शिरून ऑफिसात यायची.

"मला कुणी उडवलंच, तर फरफटत स्टेशनवर नेऊन टाक," ती मला बजावायची. मी हसायचे. ती हसायची नाही.

त्या सकाळी भूकंपाचा हलका धक्का बसला आणि ट्रेन मधल्याच स्टेशनवर थांबल्या. सायकलवर तोमिएला धक्का जाणवलाही नाही. स्टेशनशी घोळका दिसेना, तेव्हा आपल्यालाच उशीर झाला असं वाटून ती धावत ऑफिसात गेली. किल्ली तिच्याकडेच असे.

मी ट्रेनमध्ये अडकले होते आणि शेजारी आमचे हामागुची साहेब. ऑफिसात कुणी नसेल, फोनला जोडलेल्या यंत्रावर निरोप ठेवतो, असं म्हणून त्यांनी फलाटावर उतरून फोन लावला. मीही मागोमाग उतरले. तिसऱ्या घंटीच्या आत फोन उचलायचा, हे आम्हाला नोकरीच्या पहिल्याच दिवशी घोटून शिकवलेलं असतं. उचलू नकोस गं बाई, मी मनात म्हणत होते.

तिने दुसऱ्याच घंटीला उचलला.

साहेबांनी थांबलेल्या ट्रेनकडे पाहिलं. मग शांतपणे म्हणाले, "इवाकीबाई, तुम्ही पोचलात कशा?"

तिला खोटं सुचलंच नाही, हे तिने मला नंतर सांगितलं. तोंडून निघून गेलं, "सायकलने. रोजच येते."

नोकरी वाचली. तीन वर्षांचे पैसे पगारातून कापायचं ठरलं, आणि पासाऐवजी सायकलीचे म्हणून महिन्याला दोन हजार मिळू लागले. आता ती ऑफिसच्या दारातच सायकल लावते. इतकं देणं फिटायचं तर दुसरं काही परवडणारही नाही.

परवा आम्ही बरोबर घरी निघालो. मी म्हटलं, एक बरं झालं, जिवाला लागलेला घोर तरी गेला.

तिने सायकलचं कुलूप काढलं. "भीती होती तोवर आईचे पैसे भरले जात होते," ती म्हणाली. "या महिन्याचे भरले नाहीत."