देवीला कुलूप नव्हते

“काका, व्याख्यान मी देतो. तुम्ही फक्त दिसा.”

संग्रहालयाच्या उद्घाटनाच्या सकाळी संचालकांनी माझ्या हाती लंगोट ठेवला आणि मिठागराच्या देखाव्याकडे बोट दाखवले. मी सत्तरी ओलांडलेला. मिठागरात राबणाऱ्याचा मुलगा. आयुष्यभर संस्कृत शिकवलेला. त्या दिवशी गावाविषयी बोलायचे म्हणून धूतवस्त्र नेसून आलेला.

“आणि ते श्लोक वगैरे नको हां. पब्लिकला ओरिजिनल मिठागरवाला पाहिजे.”

मी देखाव्यात मांडलेले वडिलांचे लाकडी फावडे घेतले आणि दोरीच्या आत बसलो.

का बसलो? समोरच्या काचपेटीत आमची गावदेवी होती. पितळी मुखवटा, त्यावर पिढ्यांचा शेंदूर. देऊळ रस्त्यात गेले तेव्हा संचालक म्हणाले, “इथे ठेवा, कोणालाही अडवणार नाही.” त्यांच्या भरवशावर तोच शब्द मी घरोघर दिला. आमच्या देवळाला दारच नव्हते. हंगामाचे पहिले मीठ तिच्यापुढे ठेवायचे, मगच घरात न्यायचे. आता पेटीला कुलूप. किल्ली संचालकांच्या खिशात. मी उठून गेलो असतो तर ती तिथेच राहिली असती. एकटी.

एका पाहुण्या बाईंनी माझ्या खांद्याला बोट लावले. “अय्या, खरा आहे!” हशा पिकला. मी मनात स्तोत्र म्हणू लागलो. नित्यपाठातले. पुढचा चरण आठवेना.

इतक्यात आमच्या गावची यसूवहिनी आली. हातात पान, पानावर नवे मीठ. दारावरच्या रखवालदाराने अडवले.

“आज्जी, खायचं आत नाय न्यायचं.”

“खायाला नाय रं, देवीला हाय.”

तिने पेटीकडे पाहिले. मग माझ्याकडे.

“मास्तर, देवी आत, तुमी आत. मंग गावान कोन हाय?”

मी उठलो. दोरी ओलांडली. तिच्या हातचे पान घेऊन पेटीपुढे जमिनीवर ठेवले आणि तसाच, लंगोटावर उभा राहून, देवीचे स्तवन म्हटले. पूर्ण. मोठ्याने. एकही चरण अडला नाही. संचालकांचे भाषण थांबले.

“काका, बसा ना! प्रोग्रॅम चालू आहे.”

“बसणार नाही. कुलूप काढा.”

“ते नियमात बसत नाही.”

कुलूप निघाले नाही. मला मात्र देखाव्यातून काढले.

आता मी रोज सकाळी तिकीट काढून आत जातो. धोतर नेसून. पेटीपाशी उभा राहतो. येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो, ही कोणाची, हिला दार का नव्हते, हे कुलूप कोणी लावले. रखवालदार मला बाहेर काढतो. मी दुसऱ्या दिवशी पुन्हा जातो.

देवी गावात येईल. तिच्याबरोबर माझ्या बापाचे फावडेही. तोवर मी त्यांना रोज दिसणार आहे.