आधी गाडी

वसंता गेल्याची बातमी मला गॅरेजवाल्यानं दिली. गाडी तयार झाल्याचं सांगायला त्यानं वसंताला फोन केला, तो कुणा नातेवाइकानं उचलला आणि "ते पहाटे गेले" एवढंच सांगून ठेवला. गाडी गॅरेजला नेताना मी बरोबर होतो, म्हणून त्यानं मला विचारलं, "काका, खरं का हो?" मला काही माहीत नव्हतं, तरी तोंडून "हो" निघून गेलं... दसऱ्यापासून मी या फोनची धास्तीच घेतली होती.

आम्ही दोघं एकाच कचेरीत नकाशे काढत म्हातारे झालो. शनिवार पेठेतल्या त्याच्या इमारतीखाली ती जुनी गाडी उभी असायची. दसऱ्याला लोक गाडीच्या टपाला हार घालतात, वसंता बॉनेट उघडून इंजिनाला घालायचा. का, म्हणून विचारलं तर म्हणायचा, "टपाची पूजा कावळे वर्षभर करतातच." इंजिनाच्या पुढच्या पट्ट्यावरचं, म्हणजे टायमिंग बेल्टवरचं, प्लास्टिकचं झाकण कधीच तुटलं होतं. यंदा पूजा झाली, बॉनेट लावलं आणि हार आतच राहिला. आम्ही रिवाजाप्रमाणे फेरी मारायला निघालो. मंडईजवळ पुढून टकटक सुरू झाली, गाडीनं दोन आचके दिले आणि बंद पडली.

त्यानं पुन्हा किल्ली फिरवली. स्टार्टर फिरला, पण फार हलका, भरभर, आत काही अडतच नसल्यासारखा. वसंताचा चेहरा उतरला. "पट्टा गेला," म्हणाला. मी म्हटलं, अजून एकदा मारून बघ. तर माझ्यावरच डाफरला, "किल्लीला हात लावू नकोस! या पट्ट्यावर इंजिनाचं वरचं आणि खालचं एका तालात फिरायला हवं. ताल चुकला की वॉल्ववर पिस्टन आपटतात, मग जेवढं फिरवशील तेवढी वाट लागेल." बॉनेट उघडून त्यानं टॉर्च मारला. झेंडूच्या हाराचा दोरा पट्ट्यात गुंडाळला गेला होता आणि पट्ट्याचे दात सोलून निघाले होते. "बाहेरून कसा धडधाकट दिसतो बघ. हा आधी सांगत नाही. म्हणून चालू आहे तोवरच बदलायचा असतो." हे सांगताना तो घामानं भिजला होता, एक हात बॉनेटवर टेकवून दुसऱ्यानं जबडा चोळत होता. मी विचारलं, तर म्हणाला, "ऑक्टोबर आहे. उकडणारच."

त्याची अँजिओग्राफी पुढच्या सोमवारी ठरली होती. डॉक्टरांनी लांबवू नका म्हणून बजावलं होतं. गॅरेजवाल्यालाही नेमका तोच सोमवार मोकळा होता. वहिनी म्हणाल्या, आपण रिक्षानं जाऊ, गाडीचं हे भावजी बघतील. वसंता म्हणाला, "गाडी मीच उभं राहून उघडून घेणार. आणि हॉस्पिटलात काय रिक्षानं जायचं? आधी गाडी." तारीख पुढे ढकलली. सोमवारी गॅरेजमध्ये तो दिवसभर स्टुलावर बसून होता, इंजिनाचं हेड उघडलं तेव्हा वाकलेले वॉल्व हातात घेऊन बघत होता. दोन जिने चढला की त्याला थांबावं लागत होतं... एवढा शहाणा माणूस. मला त्याचा अजून राग येतो, आणि राग ओसरला की रडू येतं.

नवी तारीख उजाडायच्या आतच तो झोपेत गेला.

गेल्या आठवड्यात वहिनींनी बोलावलं. "भावजी, गाडी जरा चालू करून ठेवता? बॅटरी उतरते, असं हे म्हणायचे." मी बसलो, किल्ली फिरवली. पहिल्या फटक्यात चालू झाली. कुठे टकटक नाही, आचका नाही, नव्या गाडीलाही लाजवेल असा एकसारखा आवाज. वहिनी बाजूला उभ्या राहून थोडा वेळ ऐकत होत्या.

"बंद करा," त्या म्हणाल्या. "हिचं अगदी वेळेवर केलं त्यांनी."