उघडी कुलपे

ज्याने आयुष्यभर पंचनामे आणि जबान्यांपलीकडे काही लिहिले नाही, त्याने उतारवयात वाचकांसमोर यावे, हे धाडस आहे. त्याबद्दल आधीच क्षमा मागतो. नोकरीतील एक घटना मनातून जात नाही, एवढेच कारण.

महायुद्धाचे दिवस होते. मी वाशीम भागात ठाणेदार होतो. हिवतापाची साथ होती आणि क्विनाइन दुर्मिळ. अशात खबर आली की, एका मोठ्या दवाखान्याच्या शिक्क्याचे क्विनाइन रिसोडच्या बाजारात विकले जात आहे. त्या दवाखान्यात तपासास गेलो, तेव्हा औषधांच्या कपाटाचे कुलूप न तोडता उघडलेले आढळले. कंपाउंडरने जबानी दिली, "आयेला उघडताना मी पाहिलं." आया म्हणजे बाळंतिणींच्या खोलीत काम करणारी विधवा. नोकरीखेरीज तिला आधार नव्हता.

"कुलूप तू उघडलंस?"

"हो साहेब. पन चोरी नाही केली."

"मग कशाला उघडलंस?"

ती खाली मान घालून उभी राहिली.

पंचनामा करताना दिसले की धान्याची खोली, मागचे फाटक, इतकेच काय, ओसरीवरची रिकामी पेटीही उघडी आहे. रिकाम्या पेटीचे कुलूप चोर कशाला काढील? माझा हवालदार वाशीमजवळच्या मालेगावचा. तो हसू लागला.

"साहेब, आज इथं कोनाची बायको अडली होती काय?"

"त्याचा काय संबंध?"

"बाई अडली का आमच्याकडं समदी कुलपं उघडतात, गाठी सोडतात. मंग बाई मोकळी होते मनतात."

धनज गावची एक बाई सकाळी खरोखरच अडली होती. हे विचारताच आया बोलू लागली.

"डाक्टरीनबाईनं ताकीद देल्ली होती का हे चाळे इथं नोको. कामावरून काढतीन मनून बोलली नाही."

"कपाटाची चावी कुठून आणलीस?"

"कंपाउंडरबाबूनंच देल्ली. मने, आयाबाई, हेबी उघडून घ्या. मले त देवमानूस वाटला!"

देवमाणसाच्या घरझडतीत हरभऱ्याच्या कोठीतून क्विनाइनचे डबे निघाले. त्याने गुन्हा कबूल केला. माल आधीच काढला होता; तपासाची कुणकुण लागताच आळ आयेवर जावा म्हणून त्याने तिला चावी दिली होती.

डॉक्टरीणबाईंनी आयेला समोर बोलावले. "अगं, कुलपाचा आणि बाळंतपणाचा काय संबंध?"

"पन बाई सुटली ना, डाक्टरीनबाई?"

बाईंनी तिला कामावर ठेवले. औषधांच्या कपाटाची चावी मात्र स्वतःजवळ घेतली. कुलूप कोणी उघडले, याइतकेच ते कशासाठी उघडले हेही तपासावे, एवढे मी या प्रकरणातून शिकलो.

पुढे माझी पत्नी त्याच दवाखान्यात अडली. मी ओसरीवर बसून होतो. समोर त्या रिकाम्या पेटीचे कुलूप उघडे लोंबत होते. मी उठून ते लावले नाही. माझ्या जागी तुम्ही असता, तर लावले असते का?