कधी दाराकडे, कधी कोपऱ्यात

२ जून १९८७. पावसाआधी सुके बांगडे डब्यात भरत होते, तेव्हा गोव्यातल्या साखळी गावातल्या माझ्या खानावळीत तो खनिजाच्या ट्रकचा ड्रायव्हर पेढे घेऊन आला. सिंधुदुर्गातला. नाव मी कधी विचारलं नाही.

खुशीत असला की तो दाराकडे बसून, बाजाराला जाणाऱ्या बायकांकडे बघत भांग पाडायचा. मन खचलं की कोपऱ्यात, त्याचा ट्रक दुरुस्त करणाऱ्या मेकॅनिकसमोर बसायचा आणि आपल्या ताटातला माशाचा तळलेला तुकडा त्याच्या ताटात ठेवायचा. दोघांचं काय आहे ते मला कळत होतं.

"लगीन ठरला, मावशे," तो म्हणाला. "त्याका मात्र सांगू नको."

"मग त्याचं काय?"

"माझा असाच आसा. मन खुशीत असला की माका बायलांची ओढ लागता. खचला की ह्योच व्हयो," त्याने कोपऱ्यातल्या मेकॅनिकच्या रिकाम्या खुर्चीकडे बोट केलं.

"आता पावसात ट्रक बंद, तुझं मन खचणार. तेव्हा त्या पोरीनं काय करायचं?"

"तेवा बघू," म्हणत त्याने कंगवा खिशात घातला.

मन बदलतं, त्याला कोण काय करणार? पण ते बदलणार हे ठाऊक असून दोघांनाही आशेवर ठेवणाऱ्याला माणूस म्हणायला माझी जीभ वळत नाही. पेढा मी मांजराला घातला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेकॅनिक आला आणि सवयीने समोरची खुर्ची पुसू लागला. मी त्याच्यापुढे चहा ठेवला आणि लग्नाचं सांगितलं.